थांबलेल्या पाण्यातली टोपली

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं अजून तिथंच आहेत, बहुतेकांच्या घरी मी जेवले आहे, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजायची मला सवय नाही. एवढं सांगते की सावली गावाहून एस.टी.नं जायचं, रस्ता संपला की उतरायचं आणि पुढं दोन कोस चालायचं. गावाच्या एका अंगाला वैनगंगा, आणि उरलेल्या तिन्ही अंगांना वळसा घालून तिलाच जाऊन मिळणारा नाला. उन्हाळ्यात त्या नाल्यात पोरं क्रिकेट खेळत. पावसाळ्यात नदी चढली की नाला तुडुंब भरे आणि गावाचं बेट होई, कधी दोन दिवस, कधी आठ. माझी आई तिथल्या उपकेंद्रात नर्स होती. मी बारावीत नापास झाले, तेही काठावर नाही, चांगली सणसणीत, तेव्हा बाबांनी चंद्रपूरच्या घरातून माझी उचलबांगडी केली. "मायजवळ राह्यजो, अभ्यास करजो," असं म्हणून त्यांनी पुस्तकांची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली. ती पेटी मी ऑक्टोबरच्या परीक्षेआधी फार तर दोनदा उघडली असेन. बाकी वेळ मी गावभर खात फिरले.

आमची खोली म्हणजे उपकेंद्राचाच मागचा भाग. सकाळी जाग यायची ती स्टोव्हच्या फुरफुरीनं आणि उकळत्या पाण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर वाजायच्या त्या आवाजानं. फळीवर बुद्धाची वीतभर मूर्ती, तिच्याशेजारी जलसंजीवनीच्या पाकिटांचा खोका, आणि खाली आईचा डबा. त्या डब्यात रोज दोन पोळ्या आणि जवसाची चटणी असे. आई औषधांची थैली घेऊन दिवसभर दारोदार फिरे, पण गावात कुणाच्या घरचा घासही खात नसे, चहासुद्धा नाही. तिच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी तिच्यासाठी एक कप वेगळा, ओसरीच्या कोनाड्यात ठेवलेला असे. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, मावशीनं सांगितलं. आई फक्त म्हणे, "लोकाईच्या घरी थैली घेऊन जावं, पोट घेऊन नाई." मी नेमकी उलट होते. मी थैली घेऊन कधीच गेले नाही.

माझी वाट ठरलेली होती. विहिरीपाशी पांडुरंगभाऊंचं घर, तिथं पळसाच्या पानात भाजलेली तांदळाची रोटी मिळे. पुढच्या गल्लीत कुणाकडे अंबाडीची आंबट भाजी, कुणाकडे बांबूचे कोवळे कोंब, त्यांना तिथं वास्ते म्हणतात. पाऊस पडून ऊन आलं की वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळिंबी, आणि त्यांच्या रश्शाला मटणाची सर आहे असं ज्यानं खाल्लं नाही त्याला पटवायच्या भानगडीत मी पडत नाही. लाखोळीच्या डाळीचे वडे, सुक्या झिंग्यांची चटणी, मोहाची फुलं भाजून तिळाबरोबर कुटलेले लाडू. सगळीकडे पायीच जायचं, चिखलातून, चपला हातात घेऊन. आणि प्रत्येक घरी मला कुठं बसवतात ते मी न बघता बघायची. काही घरी ओसरीवर, काही घरी आतल्या दाराशी. चुलीपाशी नेऊन बसवणारी एकच बाई होती, नदीकाठच्या मासेमार ढिवरांच्या वस्तीतली गिरजाबाई. साठीची, काटक, गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि दोन्ही गुडघे सुजलेले. ते गुडघे घेऊन ती दर पंधरवड्याला आईकडे गोळ्यांना येई. मी तिला मावशी म्हणे. ती वाढता वाढता म्हणे, "खाय वं पोरी, सयरातले लोक चिमणीवानी खातेत." मी काही चिमणीसारखं खात नव्हते, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पोळा होऊन गेला आणि नदी चढली. नाल्यावरची वाट बुडाली. मोबाइल तेव्हा नव्हतेच. बाहेर जायचं तर एक लाकडी डोंगा, आणि एवढ्या पाण्यात तो टाकायची छाती फक्त गिरजाबाईच्या मुलाची, देवाजीची. चौथ्या दिवशी घराघरांतल्या भाज्या संपल्या, तेव्हा गिरजाबाईनं आढ्याला टांगलेलं गाठोडं काढलं. त्यात कडूकांद्याच्या वाळवलेल्या चकत्या होत्या. हा रानातला कंद तसाच खाल्ला तर माणूस आडवा होतो. त्याच्या पातळ चकत्या राख घालून उकडायच्या, बांबूच्या टोपलीत भरायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. "कडू नाला घेऊन जाते, आपल्याले कांदा ठेवते," असं ती म्हणे. गुडघे दुखत म्हणून ती दोन वर्षांत नाल्याच्या उतारावरून खाली उतरली नव्हती. देवाजी डोंगा वर ओढून बांधायला गेला होता, म्हणून टोपली घेऊन मी गेले. नेहमीचा काळा दगड तिनं वरून बोट करून दाखवला. मी गुडघाभर पाण्यात उतरले. पाण्यावर पळसाचं एक पान होतं. मी टोपली दाबली, वर दगड ठेवला, हात धुतले, तरी पान होतं तिथंच होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, पाणी शांत आहे, पाय घसरायची भीती नाही. आज हे वाक्य लिहितानाही माझे कान गरम होतात.

मोसमातला पहिला कांदा एकट्यानं खायचा नाही, अशी त्या वस्तीची रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईनं तो अंबाडी आणि भरपूर तिखट घालून शिजवला, पानांच्या द्रोणात वाढला आणि वाटायला मला पाठवलं. सात घरं. द्रोण द्यायचा, दोन शब्द बोलायचे, पुढं जायचं. विहिरीला लागून आठवं, ताराबाईचं घर होतं, तिथंही द्यायचा होता; पण तिच्या दारातलं कुत्रं माझ्यावर कायम दात धरून असे, म्हणून मी तो द्रोण पांडुरंगभाऊंच्याच घरी जास्तीचा देऊन टाकला. परत येऊन मी एक फोड तोंडात टाकली. पोट आधीच खेकड्याच्या रश्शानं भरलं होतं. घशात बारीक खाज आली. मला वाटलं कडूकांदा असाच लागत असेल, नावच कडू. गिरजाबाईनंही खाल्ला, पण खर्ऱ्यानं बधिर झालेल्या जिभेला काय कळणार?

त्याच दिवशी सकाळी आईनं गावच्या विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली होती. पुराचं पाणी झिरपलं की टाकावीच लागते, आणि तिचा तो उग्र वास दोन दिवस पाण्याला राहतो. दुसऱ्या दिवशी उजाडलं ते ओकाऱ्यांच्या बातम्यांनी. माणसांना उभं राहवत नव्हतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, घसा सोलल्यासारखा झाला होता. आई थैली घेऊन निघाली, पण उपकेंद्राच्या ओट्यासमोरच तिला लोकांनी थांबवलं. पुढं पांडुरंगभाऊ होते. गावातला भला माणूस. पण त्यांची बायको रात्रभर ओकत होती आणि भल्या माणसाचंही डोकं फिरतं.

"सिस्टरबाई, विहिरीत काय टाकलं तुमी?"

"टीसीएल. दरसाली टाकतो, भाऊ."

"दरसाली एवढी बास येत नाई. माही बायको पानी पेली अन् ओकून राह्यली."

"ते मंग पाहू. आधी तिले पानी पाजा. हे पाकीट उकळलेल्या पान्यात टाका, घोट घोट देत राहा."

"त्याच विहिरीचं पानी, अन् तुमचीच पुडी? झालं तेवढं पुरे झालं, बाई."

मागून कुणीतरी बोललं, चेहरा दिसला नाही. "आपली विहीर यायच्या हाती देलीच काऊन?" आईनं ते ऐकलं. मी तिच्याकडे पाहत होते. तिनं फक्त थैलीचा बंद पुन्हा एकदा आवळला. लोक पांगले, पाकीट कुणीच घेतलं नाही. खोलीत आल्यावर ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्याईच्या अंगातलं पानी जाऊन राह्यलं. सांजवरी नाई पेले तर एखादा हातचा जाईल. देवाजीची तब्येत सगळ्यात खराब हाये." म्हणजे डोंगा नाही, डॉक्टर नाही, औषध समोर आहे आणि ते कुणी ओठाला लावत नाही. मग मला वही देऊन म्हणाली, "देवाजीचं सोडून बाकी बिमार घरं सांगतो, लिही."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. चौथ्या नावाला माझी पेन्सिल थांबली. पुढची तीन नावं मी तिनं सांगायच्या आधीच लिहिली. ती माझीच वाट होती. आणि विहिरीला चिकटून राहणारी, तेच पाणी घटाघटा पिणारी ताराबाई धडधाकट होती. सकाळीच तिला मी कुत्र्याला दगड मारताना पाहिलं होतं. मी आईला कांद्याचं सांगितलं. तिनं विचारलं, "तू खाल्ली?"

"एक फोड. घशात खाजलं."

"अन् बोलली नाई?"

"मले वाटलं तसंच लागते."

आईनं कपाळावर हात मारला नाही, रागावलीही नाही. तिनं कळशीभर पाणी उकळलं, त्यात पाकिटं सोडली आणि म्हणाली, "चाल." टोपली कुणी ठेवली हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गिरजाबाईच्या घरी देवाजी गोधडीवर पडला होता. डोळे आत गेलेले, ओठांना पापुद्रे. गिरजाबाईचाही चेहरा पांढराफटक होता. आईनं पेला पुढं करताच तिनं तो हातानं अडवला. "नोको, सिस्टरबाई. लेकराले अजून ते पानी नाई देत." देवाजीनं पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तोंड फिरवलं. आई काही बोलली असती तर गिरजाबाईनं ऐकलं नसतं, म्हणून मीच तिच्यापुढं बसले आणि सांगितलं. सातही घरं सांगितली, ताराबाईचं सांगितलं. ती माझ्यावरच उसळली.

"माहा कांदा? माह्या सासूपासून शिजवून राह्यलो आमी. तू माह्या चुलीजवळ बसून खाल्ली पोरी, अन् आता माह्याच हातावर घालतं?"

मला रडू आलं. रडतच मी म्हटलं, "मावशी, पानी वाहत नव्हतं. टोपली ठेवली तवा पळसाचं पान होतं पान्यावर. ते हाललंच नाई."

"नाई हाललं?"

"नाई."

ती उठली. भिंत धरून, काठी धरून, गल्लीतून नाल्याकडे चालू लागली. आम्ही मागं. दारादारांतली माणसंही मागं आली, पांडुरंगभाऊसुद्धा. उताराच्या वरच ती थांबली आणि झुडपाचं एक पान तोडून तिनं पाण्यावर टाकलं. आम्ही सगळे त्या एका पानाकडे बघत होतो. ते जागच्या जागी फिरलं, थोडा वेळ उभं राहिलं, आणि मग हळूहळू उलटं, नदीकडून गावाकडे सरकू लागलं. गिरजाबाई मटकन खाली बसली.

"गंगा चढली का नाला थांबते," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "ढिवराच्या बाईले मालूम नाई का हे? मालूम होतं. कांदा लावतानी ध्यानातच आलं नाई."

ज्या पुरानं गावाचं बेट केलं होतं, त्यानंच नाला अडवला होता. वाहतं पाणी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ज्या दगडावर भरवसा ठेवला, तिथं त्या रात्री डबकं होतं आणि कडू जागचं हललं नव्हतं. गिरजाबाईनं काठी टेकली, उभी राहिली आणि लोकांकडे तोंड केलं. "पानी नाई, माहा कांदा. टोपली थांबल्या पान्यात राह्यली."

"कोनं ठेवली तिथी?" पांडुरंगभाऊंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्या शेजारी आई उकळलेल्या पाण्याची कळशी घेऊन उभी होती. गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या कळशीकडे.

"मीनं ठेवली. माह्या हातानं. दुसरं कोन ठेवन?"

ती आईपाशी आली, पेला स्वतः भरून घेतला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. दुसरा भरून घराकडे निघाली, देवाजीसाठी. तेव्हा कुठं लोक हलले. पांडुरंगभाऊंनी मान खाली घालून लोटा पुढं केला. सिस्टरच्या पोरीनं टोपली ठेवली असं त्या घडीला गावाला कळतं, तर त्या कळशीतला थेंबही कुणी घेतला नसता. म्हणून मी तेव्हा गप्प राहिले, त्यात चूक नव्हती असं मला अजूनही वाटतं. चूक नंतरची. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी घरोघर चमच्या-चमच्यानं पाणी पाजत होतो. कुणी दगावलं नाही. देवाजीला उठून बसायला चार दिवस लागले. पाणी ओसरलं, डॉक्टर येऊन गेले, सगळे बरे झाले, आणि मी गप्पच राहिले.

गावानं गिरजाबाईला शिव्या दिल्या नाहीत. त्यापेक्षा वाईट केलं. तिच्या हातचं घेणं बंद केलं. तिनं पाठवलेली मासळी "आज नोको, बाई" म्हणून परत येऊ लागली. तिच्या ओसरीवर दुपारी बायका जमत, त्या जमेनाशा झाल्या. ती वरवर काही दाखवत नसे, पण खर्रा जास्त खाऊ लागली. मी तिच्याकडे जात होते, खात होते, आणि टोपलीचं नाव काढत नव्हते.

नाला पुन्हा खळखळून वाहू लागल्यावर तिनं उरलेल्या चकत्या भिजत घातल्या, या वेळी दोन रात्री, आणि देवाजीला उतरवून. शिजवल्या, द्रोण लावले, पण वाटायला पाठवायची तिची हिंमत झाली नाही. भर दुपारी मी आणि आई तिच्या दारावरून चाललो होतो. दार सताड उघडं, आत चुलीपाशी आठ द्रोण ओळीनं मांडलेले, आणि ती एकटी. आई थांबली. तिनं खांद्यावरची थैली काढून ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि सरळ आत जाऊन चुलीपाशी मांडी घालून बसली.

"वाढा, गिरजाबाई."

"सिस्टरबाई, तुमी तं कोनाच्या घरी खात नाई."

"आज भूक लागली."

गल्लीतली माणसं थबकली होती. समोरच्या दारात ताराबाई तिच्या कुत्र्याला धरून उभी होती. आईनं अख्खा द्रोण संपवला, बोटं चाटली आणि दुसरा मागितला. मीही खाल्ला. खरं सांगते, भीत भीत खाल्ला, घशात ती बारीक खाज येते का याची वाट बघत. आली नाही. कांद्याला अंबाडीची आंबट चव होती आणि मागून किंचित गोडवा. आम्ही उठलो तेव्हा ताराबाई आत येऊन विचारत होती, "मले हाये का वं एखादा? मागच्या टायमाले मले भेटलाच नाई."

घराकडे जाताना मला राहवलं नाही. "आई, ती टोपली…"

"मालूम हाये."

"कसं?"

"तिच्या गुडघ्याच्या गोळ्या मीच देतो. ती कशी उतरन नाल्यात?"

"मंग तू बोलली काऊन नाई?"

"बोललो ना आत्ता. दोन द्रोण बोललो." ती चालतच राहिली. थोडं पुढं गेल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माह्या वाटचं झालं. तुह्या वाटचं तू बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. पांडुरंगभाऊंच्या घरापासून, त्याच वाटेनं, त्याच क्रमानं. टोपली मी ठेवली होती, पान हललं नाही ते मी पाहिलं होतं, मावशी माझ्यासाठी खोटं बोलली. सात घरी सात वेळा. कुठंच मला आत बोलावलं नाही. एका घरी म्हातारीनं मला जे काही सुनावलं ते मी इथं लिहीत नाही. तिचा हक्क होता. दोन घरी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. पांडुरंगभाऊ आत निघून गेले. त्यांची बायको, अजून अशक्तच होती, तिनं मात्र तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. त्याला टीसीएलचा वास येत होता. मी ते सगळं प्यायले.

शेवटी ढिवर वस्तीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. गिरजाबाई चुलीत फुंकर घालत होती. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"सांगून आली?"

"हो."

"सातही घरी?"

"हो, मावशी."

तिनं धुरानं लाल झालेले डोळे पदरानं पुसले, पाट पुढं सरकवला आणि भाताच्या भांड्यावरचं झाकण काढलं.

"मंग बस वं. खाऊन घे."